बदल राबवताना साहेब काय सोडतो?

कचेरीत नवी पद्धत येते, शाखेत नवी संगणकप्रणाली बसते, कारखान्यात नवे यंत्र उभे राहते. सहा महिन्यांनी काम पूर्वीपेक्षा मंदावलेले दिसले की बैठकीत ठरलेले निदान पुढे येते : आपल्या लोकांना बदल नको असतो. हे निदान वरिष्ठांच्या सोयीचे आहे, कारण त्यात दोष कायम खालच्या टेबलावर जातो. ते खरे आहे का, याची तपासणी गेल्या पंचाहत्तर वर्षांत अमेरिकेपासून अहमदाबादपर्यंत वेळोवेळी झाली. तिचे निष्कर्ष मात्र आपल्या व्यवस्थापकांपर्यंत फारसे पोचलेले नाहीत. या लेखात त्या तपासणीचा आणि आपल्याकडच्या काही अनुभवांचा आढावा घ्यायचा आहे. तो घेताना मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारणार आहे : या बदलात प्रमुखाने स्वतःच्या हातातले काय सोडले? बदल टिकला की विरला, याचे उत्तर माझ्या मते बहुतेक वेळा तिथे सापडते.

सुरुवात व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन या छोट्या गावापासून करावी लागते. तिथे हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामगारांत बायका जास्त, मजुरी नगावर. मालाची रचना बदलली की शिवणाऱ्या बायकांचे काम बदलायचे, हात नव्याने बसवावा लागायचा, तोवर कमाई घसरायची आणि अनेक जणी काम सोडून जायच्या. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच या दोघांनी इथे एक प्रयोग केला आणि १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटाला नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सभा घेऊन बदल सांगितला, कारणे समजावली, नवा दर जाहीर केला, शंकांची उत्तरे दिली. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि नवी पद्धत व नवा दर त्यांच्यासोबत बसून ठरवला गेला. तिसऱ्या प्रकारच्या गटांत सगळ्याच जणी ठरवण्यात सामील झाल्या.

पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते वर आलेच नाही, आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. प्रतिनिधींच्या गटाने दोन आठवड्यांत जम बसवला. सगळ्यांना सामील केलेले गट तर पूर्वीपेक्षाही पुढे गेले. सर्वांत बोलका भाग त्यानंतरचा आहे. पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांना अडीच महिन्यांनी पुन्हा दुसऱ्या कामावर घेतले आणि या वेळी सगळ्यांना ठरवण्यात सामील केले, तेव्हा त्याही झपाट्याने सावरल्या. माणसे तीच होती. ‘बदल नको असणारा’ त्यांचा स्वभाव अडीच महिन्यांत पालटला असे कोणी म्हणणार नाही. पालटली होती ती वरिष्ठांची रीत. कामाचा दर एकट्याने ठरवण्याचा अधिकार त्यांनी सोडला होता.

या प्रयोगाचा गवगवा झाला तसा त्याला शहही मिळाला. १९६० मध्ये फ्रेंच यांनी सहकाऱ्यांसह नॉर्वेतल्या बुटांच्या कारखान्यात केलेला तोच प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यात परिणाम फारच फिका निघाला होता. तिथे ज्या बाबींवर कामगारांना मत विचारले त्या किरकोळ होत्या, आणि असे प्रश्न युनियनमार्फतच सुटावेत अशी तिथल्या कामगारांची धारणा होती. हा निष्कर्ष मला हारवुडइतकाच महत्त्वाचा वाटतो. सूचनापेटी लावणे, ‘टाउन हॉल’ भरवणे, पडद्यांचा रंग कोणता हवा ते विचारणे याला सहभाग म्हणता येत नाही. ज्याने माणसाची कमाई, पाळी आणि पत ठरते त्या गोष्टीत त्याचा शब्द चालतो का, आणि तो शब्द त्याने स्वतः मानलेल्या माणसाकडून पोचतो का, हे पाहावे लागते.

आता अहमदाबाद. साराभाईंच्या कॅलिको मिलने १९५२ मध्ये एका खात्यात स्वयंचलित साचे बसवले. यंत्रे उत्तम होती, तरी उत्पादन जुन्या साच्यांपेक्षा सरस होईना आणि खराब कापडही कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. त्यांना जे दिसले ते असे : २२४ साचे, २९ माणसे आणि त्यांच्यात बारा प्रकारची कामे. विणकर, बॅटरी भरणारा, तुटलेला ताणा जोडणारा, तेल घालणारा, झाडणारा, जॉबर असे बारा तुकडे. कामाचा अभ्यास करणाऱ्यांनी कागदावर आखलेली ही विभागणी होती. कोणाकडे किती साचे हे कामागणिक वेगळे, त्यामुळे एका विणकराला एका पाळीत कोणकोणत्या माणसांशी गाठ पडेल याचा नेम नाही. सूत तुटले की हाक कोणाला मारायची, आणि तो आला नाही तर जाब कोणाला विचारायचा, याला उत्तर नव्हते. सगळे धागे पर्यवेक्षकाच्या हातात, आणि तो एकटा पळून पळून दमलेला.

राइस यांनी सुचवले की ठरावीक साच्यांचा एक संच आणि त्याचा एक गट अशी रचना करावी, कामे गटाने आपसात वाटून घ्यावीत. व्यवस्थापन यावर बैठका घेण्याच्या बेतात असतानाच खात्यातल्या पर्यवेक्षकांनी आणि कामगारांनी ती कल्पना उचलली आणि स्वतःच गट पाडले. अडचणी आल्या, मधे घसरणही झाली, पण स्थिरावल्यावर कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपासहून ९५ च्या घरात गेली आणि खराब कापडाचे प्रमाण ठळकपणे उतरले. अशिक्षित, गरीब, परंपरेने बांधलेला म्हणून ज्याच्याबद्दल बोलले जायचे त्या गिरणी कामगाराने आपल्या कामाची घडी रातोरात नवी बसवली, आणि ती तज्ज्ञांच्या घडीपेक्षा चांगली चालली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, आपल्या शेजारच्या शहरात हे घडले. आपल्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत ते किती वेळा शिकवले जाते, हे कोणीही विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.

या कथेला पुढचा अध्याय आहे. राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी सोळा-सतरा वर्षांनी, १९७० मध्ये, तिथे जाऊन पाहिले. एका खात्यात गटपद्धत जवळजवळ जशीच्या तशी नांदत होती. इतर ठिकाणी ती ओसरली होती : बाजाराचा दाब वाढला, पर्यवेक्षक पुन्हा गटाच्या आतल्या वाटपात हात घालू लागले, आणि हळूहळू जुनी रीत परतली. सोडलेला अधिकार वरिष्ठांनी परत घेतला, की बदलही परत जातो.

अमेरिकेत फ्रीमाँट इथल्या मोटारीच्या कारखान्याची हकिगत याच जातीची आहे आणि आता बऱ्यापैकी सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात. जनरल मोटर्सने तो कारखाना १९८२ मध्ये बंद केला, कारण तिथली गैरहजेरी आणि भांडणे कंपनीत बदनाम होती. टोयोटाने भागीदारीत तो १९८४ मध्ये पुन्हा उघडला, बव्हंशी त्याच कामगारांना घेऊन, त्याच युनियनशी करार करून. काही वर्षांत तो अमेरिकेतल्या चांगल्या कारखान्यांत गणला जाऊ लागला. साखळीवर चूक दिसली तर दोरी ओढून काम थांबवायची मुभा कामगाराला मिळाली. जुन्या राजवटीत साखळी थांबवणे हा गुन्हा होता. विक्री घटली तेव्हाही माणसे काढली गेली नाहीत, त्यांना प्रशिक्षणात आणि सुधारणेच्या कामात गुंतवले. करारात दिलेला शब्द पाळला गेला हे कामगारांनी पाहिले.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा मोठा अनुभव बँकांच्या संगणकीकरणाचा आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचे ठरवले तेव्हा कोलकात्यात युनियनने त्याला पाय ठेवू दिला नाही. प्रश्न इतका तापला की केंद्र सरकारला ऑटोमेशनवर समिती नेमावी लागली. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते आणि १९७२ मध्ये अहवाल आला. पुढे रिझर्व्ह बँकेचे सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली १९८४ मध्ये आणि पुन्हा त्या दशकाच्या शेवटी बँकांसाठी समित्यांनी आराखडे दिले. पण आराखड्यांइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व मी १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी युनियन यांच्यात झालेल्या करारांना देतो. कोणत्या शाखेत, किती यंत्रे, कोणत्या कामाला, यंत्रावर बसणाऱ्याला कोणता भत्ता, हे सगळे घासाघीस करून ठरले. यंत्र आले म्हणून कोणाची नोकरी जाणार नाही, हे त्या वाटाघाटींचे जोते होते. वेळ लागला. वृत्तपत्रांनी युनियनना मागासलेपणाबद्दल झोडपले. मात्र दशकभरात एवढ्या मोठ्या क्षेत्राने हाताच्या लेजरवरून संगणकावर उडी घेतली, ती कामगारांशी मोठे युद्ध न करता.

त्या उडीत काय गेले हे जवळून पाहिल्याशिवाय विरोधाचा अर्थ लागत नाही. तालुक्याच्या गावातली लेजरच्या काळातली शाखा आठवा. खातेदार पैसे काढायला आला की पितळी टोकन हातात पडायचे. कारकून जाडजूड लेजर उघडून पान काढायचा, कार्डावरची सही डोळ्यांखालून घालायचा, नोंद करायचा आणि व्हाउचर अधिकाऱ्याकडे सरकायचे. सही ओळखायला मुरलेल्या कारकुनाला कार्ड लागत नसे. कोणाचा हात आजारपणाने थरथरतो, कोण भाऊबंदकीत अडकले आहे, कोणाच्या अंगठ्यासोबत कोण येते, हे त्याला माहीत असायचे. संध्याकाळी जमाखर्चात दहा पैशांचा फरक आला तरी शाखा उठत नसे, आणि तो फरक नेमका कुठे असेल हे सांगणारा एखादा जण प्रत्येक शाखेत असे. गावात त्याला मान होता. संगणकाने फरक शोधायचे काम मिटवले, आणि त्या माणसाचा मानही मिटवला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याला दोन बोटांनी कळफलक बडवायला बसवले, शेजारी नुकतीच लागलेली मुलगी त्याला शिकवत होती. ‘पगार तोच आहे ना?’ एवढ्यावर त्याची समजूत निघणार नव्हती. करारांनी नोकरी वाचवली. मानाचे काय करायचे, याची तजवीज फार थोड्या शाखाधिकाऱ्यांनी केली. ज्यांनी अशा माणसाला तक्रार निवारणाला, कर्जवसुलीला, खेड्यातल्या ग्राहकांशी बोलायला बसवले, त्यांच्या शाखेत नवी प्रणाली लवकर रुळली, असे मी त्या क्षेत्रातल्या अनेकांकडून ऐकले आहे.

स्टेट बँकेत ओ. पी. भट्ट २००६ ते २०११ अध्यक्ष होते. २००७ मध्ये ‘परिवर्तन’ या कार्यक्रमाखाली काही महिन्यांत लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांशी दोन-दोन दिवस बोलणे झाले. बँकेचा बाजारातला वाटा घसरतो आहे, खासगी बँका पुढे निघाल्या आहेत, ही वाईट बातमी शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना सारख्या शब्दांत सांगितली गेली. मोठ्या सरकारी संस्थेत माहिती ही वरिष्ठांची मालमत्ता मानली जाते. ती वाटून टाकणे हेही काहीतरी सोडणेच होते.

उलट टोकाला मुंबईचे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार, बोनस आणि बदली कामगारांचे प्रश्न होतेच, पण त्यांच्याच बरोबरीने मागणी होती ती १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याविरुद्ध. या कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच युनियन बोलणी करू शकत होती, आणि बहुसंख्य कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला होता. नॉर्वेतल्या बुटांच्या कारखान्यात जे संशोधकांना दिसले, ते इथे रस्त्यावर दिसले : मान्यता नसलेल्या प्रतिनिधीतून आलेला सहभाग माणसे सहभाग मानत नाहीत. सामंतांशी बोलायला मालकही तयार झाले नाहीत आणि सरकारही. अनेक गिरण्यांत यंत्रे दशकानुदशके जुनी होती, आधुनिकीकरणाला लागणारा पैसा मालकांनी गिरणीत परत घातला नव्हता, आणि तरी ‘कामगारांनी गिरण्या बुडवल्या’ हे वाक्य आजही ऐकू येते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्यांच्या जागी काय उभे आहे ते लोअर परळला उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसते. वरिष्ठांनी तसूभरही न सोडता घडवलेल्या बदलाचे हे आपल्या राज्यातले सर्वांत महागडे उदाहरण आहे.

सरकारी कचेऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे प्रमुख दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखिना अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. रुमालात बांधलेले दप्तर, धुळीची पुटे, आणि अमुक कारकून रजेवर असला की न सापडणारा कागद, ही तेव्हाची सर्वत्र असलेली स्थिती. लखिना यांनी अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी लावून घेतली : कायम जपायचे काय, ठरावीक वर्षांनी नष्ट करायचे काय. प्रत्येक टेबलावर सहा गठ्ठे आले. हाताशी असलेली प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. बसण्याची व्यवस्था बदलली, कारकुनाला स्वच्छ जागा आणि स्वतःचे कपाट मिळाले. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून हे देशभर गाजले.

आणि मग २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांना ‘झिरो पेंडन्सी’च्या मोहिमेत तेच सहा गठ्ठे पुन्हा बांधायला लावावे लागले. दळवींचे काम मोलाचे होते, पुढे शासनाने ते राज्यभर नेले. पण तीस वर्षांत पद्धत विरली का, हा प्रश्न टाळता येत नाही. मी पाहिलेल्या कचेऱ्यांवरून माझे मत असे आहे की पद्धत टिकते ती साहेबाच्या टेबलावरचे कागदही त्याच सहा गठ्ठ्यांत मोजले जातात तिथे. अव्वल कारकुनाकडे किती प्रकरणे पडून आहेत याचा तक्ता भिंतीवर आणि साहेबांकडे सहीसाठी किती दिवस पडून आहेत याचा कुठेच नाही, अशी कचेरी नवा साहेब आला की पूर्वपदावर जाते. कर्मचाऱ्यांना ठाऊक असते की ही लाट बदलीच्या आदेशापर्यंतच आहे.

पुस्तकी सिद्धांतांवर फार थांबायची गरज नाही. जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या बदलाच्या पायऱ्या उपयोगी आहेत, मात्र त्या वरून खाली उतरणाऱ्या आहेत. खालून वर येणाऱ्या माहितीला त्यांत जागा कमी. ‘७० टक्के बदल फसतात’ हा प्रत्येक सादरीकरणात येणारा आकडा तर मार्क ह्यूज यांनी २०११ मध्ये तपासला आणि त्याला भक्कम पुरावा सापडला नाही. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मरणासन्न रुग्णांच्या भावनांच्या टप्प्यांबद्दल जे लिहिले, त्याची वक्ररेषा कर्मचाऱ्यांच्या भावनांना लावणे मला अयोग्य वाटते. त्यात कर्मचाऱ्याची हरकत ही बरी होऊ घातलेली अवस्था ठरते, आणि ती बरोबर असू शकते हा विचारच राहत नाही.

एक अभ्यास मात्र प्रत्येक प्रमुखाने वाचावा. नोकिया स्मार्टफोनच्या लढाईत का हरली यावर टिमो वुओरी आणि क्वाय ह्यू यांनी २०१६ मध्ये लिहिले. कंपनीत तंत्रज्ञ कमी नव्हते. वरच्या फळीला स्पर्धकांची भीती, मधल्या फळीला वरच्यांच्या रागाची. ‘सॉफ्टवेअर वेळेत होणार नाही’ हे खरे सांगणाऱ्याची शोभा होते हे पाहिल्यावर मधल्यांनी होकार द्यायला सुरुवात केली, आणि वरच्यांनी त्या होकारावर योजना उभ्या केल्या. बदल कळायला हवा होता तो प्रमुखांनाच, आणि नेमकी त्यांच्यापर्यंतची वाट त्यांच्याच आवाजाने बंद केली होती. आपल्या कंपन्यांतले गटप्रमुख, शाखाधिकारी, नायब तहसीलदार याच मधल्या फळीत आहेत. त्यांना वरून उद्दिष्ट येते, खालून अडचण येते, आणि ‘नाही जमणार’ म्हणायची परवानगी कुठूनच येत नाही.

कधी सोडायचे ते स्वतःचेच लाडके काम असते. बजाज ऑटोने २००९ मध्ये स्कूटर पूर्ण बंद करायचे ठरवले तेव्हा राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचे जाहीरपणे सांगितले, पण राजीव बजाज यांचा निर्णय त्यांनी रोखला नाही. मतभेद लपवला नाही आणि अधिकारही गाजवला नाही, ही गोष्ट मराठी उद्योगघराण्यांनी शिकण्याजोगी आहे. त्याच हकिगतीची दुसरी बाजूही सांगायला हवी : आकुर्डीतले उत्पादन २००७ मध्ये थांबले तेव्हा किंमत मोजली ती तिथल्या कामगारांनी. पुढे विजेवरची चेतक स्कूटर आली आणि २०२२ मध्ये तिचा कारखाना आकुर्डीतच उघडला. तोवर त्या कामगारांचे वय निघून गेले होते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची पाळी आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने त्याचे कारण कौशल्यांचा मेळ नसणे असे सांगितले. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत त्या बातमीने जी धास्ती भरली ती खरी आहे. बँकेतल्या लेजरच्या कारकुनामागे करार होता, युनियन होती. आजच्या तीस-पस्तीस वर्षांच्या अभियंत्यामागे दोन्ही नाहीत, आणि डोक्यावर घराचे हप्ते आहेत. आपण रोज जे काम करतो तेच यंत्राला शिकवायला त्याला सांगितले जात आहे. तो हातचे राखून शिकवत असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

म्हणून ज्यांच्या कचेरीत, कारखान्यात किंवा कंपनीत येत्या वर्षात असे काही आणायचे घाटते आहे, त्या प्रमुखांना माझी विनंती आहे. घोषणा करण्याआधी लेखी द्या : कोणाची नोकरी राहणार, किती काळ राहणार, आणि ज्याचे कसब निरुपयोगी होणार त्याला कोणते काम मिळणार. आराखडा पक्का होण्याआधी तो काम करणाऱ्यांपुढे, त्यांनी निवडलेल्या माणसांपुढे ठेवा आणि त्यात फेरफार करू द्या. आणि त्याच कागदावर, सगळ्यांत वर, स्वतःचा कोणता अधिकार आजपासून सोडत आहात ते लिहून खाली सही करा.